खोकल्यावर लिंबू: केव्हा, कसे आणि किती

घरात कोणाला खोकला सुरू झाला की मराठी घरांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले म्हणजे, "आंबट खाऊ नकोस, खोकला वाढेल." दुसरे त्याच माणसाच्या तोंडून तासाभराने येते, "थांब, तुला लिंबू भाजून देते." लहानपणी मला या दोन वाक्यांचा मेळ घालता येत नसे. पुढे स्वतःच्या घरातली आजारपणे निभावताना लक्षात आले की दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि फरक आहे तो फळ कसे दिले जाते यात. फ्रिजमधले गार लिंबूसरबत घटाघटा पिणे वेगळे आणि कोमट केलेला चमचाभर रस शेंदेलोणाबरोबर किंवा मधाबरोबर जिभेवर घोळवत घशाखाली उतरवणे वेगळे. पहिल्याने ठसका लागतो, दुसऱ्याने तो बसतो. आपल्याकडच्या लिंबाच्या सगळ्या जुन्या उपायांत गरम, थोडे आणि सावकाश हे तीन नियम सांभाळलेले दिसतात, आणि ते सुटले की लिंबू उलटते असा माझा अनुभव आहे.

कृतीकडे वळण्यापूर्वी लिंबाकडून काय अपेक्षा ठेवावी हे स्पष्ट असलेले बरे. सर्दीबरोबर येणारा बहुतेक खोकला विषाणूंमुळे होतो आणि लिंबू त्या विषाणूंना मारत नाही. आठवडा-दहा दिवसांत सर्दी आपोआप ओसरते, खोकला मात्र कधीकधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. या काळात घशाला जी खवखव सुटते, कोरड पडते आणि तिने पुन्हा उबळ येते, ते चक्र लिंबाने तोडता येते. आंबट चवीने तोंडाला पाणी सुटते आणि घसा आतून ओला होतो. मध किंवा खडीसाखर सुजलेल्या त्वचेवर पातळ लेप धरते. आणि उबेने घशाला आराम पडतो. उबेची गोष्ट केवळ समजुतीची नाही. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली सर्दी झालेल्या लोकांना फळांच्या रसाचे एकच पेय काहींना गरम आणि काहींना साध्या तापमानाचे दिले, तेव्हा गरम पेय घेणाऱ्यांना खोकला, शिंका, नाक वाहणे आणि घशाची खवखव यांत लगेच उतार वाटला.

लिंबातील क जीवनसत्त्वाविषयी मात्र अवाजवी बोलले जाते. या विषयावरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा असे सांगतो की क जीवनसत्त्व रोज नियमित घेणाऱ्या प्रौढांत सर्दीचा कालावधी सुमारे 8 टक्क्यांनी आणि मुलांत सुमारे 14 टक्क्यांनी कमी होतो, परंतु सर्दी झाल्यावर ते सुरू केल्याने खात्रीचा फायदा दिसत नाही. म्हणजे खोकला लागल्यावर दिलेले लिंबू हे त्या दिवशीच्या घशासाठी असते. तेवढेच काम त्याच्याकडून घ्यावे, आणि तेवढे ते चोख करते.

आयुर्वेदात या कामासाठी लिंबापेक्षाही म्हाळुंगाचा, म्हणजे लिंबाच्याच कुळातील मोठ्या, जाड सालीच्या फळाचा, मान मोठा आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे तेच हे मातुलुंग. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फळांचे गुण सांगताना मातुलुंगाचे केसर, म्हणजे आतला रसाळ गर, उचकी, श्वास आणि कास यांवर उपयुक्त म्हटले आहे. कास म्हणजे खोकला. त्याच ठिकाणी केसर पचायला हलके आणि बाकीचे भाग तसे नाहीत असा भेदही केलेला आहे. आपल्या आज्या लिंबाच्या बिया आणि पांढरी साल कटाक्षाने काढून टाकत, त्यामागे कडवटपणाचे कारण तर होतेच, पण ही जुनी समजही असावी असे मला वाटते.

फळ कोणते घ्यावे

कागदी लिंबू सर्वांत उत्तम. नावाप्रमाणे त्याची साल कागदासारखी पातळ असते, रस भरपूर असतो आणि भाजताना उष्णता लवकर आत पोहोचते. हिरवे कडक लिंबू घेऊ नये; पिवळे झालेले, हातात जड लागणारे आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबणारे घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात बाजारात मिळाली तर तिला रस चांगला असतो. उन्हाळ्यात लिंबू महाग आणि कोरडे असते, पण खोकल्याचे दिवस बहुधा पावसाळा आणि थंडीचे असल्यामुळे नेमके तेव्हा ते स्वस्त आणि रसदार मिळते. लिंबू कोमट पाण्याने चोळून धुवावे, पुसावे आणि ओट्यावर तळहाताखाली दाबून दोन-चार वेळा लोळवावे, म्हणजे आतल्या फोडी मोकळ्या होऊन रस सुटतो.

भाजलेले लिंबू

हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत गुणकारी प्रकार. चुलीच्या काळात जेवणे उरकून जाळ विझला की राखेखालच्या विस्तवात अख्खे लिंबू पुरून ठेवत. साल तपकिरी झाली आणि तिच्या तेलाचा वास घरभर पसरला की चिमट्याने बाहेर काढायचे, फडक्याने राख पुसायची, कापायचे आणि शेंदेलोण टाकून चोखायला द्यायचे. राखेतली आच मंद आणि चारी बाजूंनी सारखी असल्यामुळे लिंबू आतून शिजत असे पण करपत नसे.

गॅसवर हीच कृती करताना एक काळजी अवश्य घ्यावी. अख्खे लिंबू थेट ज्योतीवर ठेवले आणि त्याला टोचे मारलेले नसले तर आत वाफ कोंडून ते फुटते. आमच्या घरी एकदा असे घडले आणि उकळता रस मनगटावर उडून फोड आला. तेव्हापासून मी अख्खे लिंबू भाजतच नाही, अर्धे भाजते. त्यासाठी लिंबू आडवे कापावे आणि सुरीच्या टोकाने बिया काढून टाकाव्यात. कापलेल्या भागावर त्याच टोकाने पाच-सहा टोचे मारावेत, म्हणजे मीठ आत उतरते. त्यावर दोन चिमटी शेंदेलोण, दोन मिऱ्यांची ताजी भरड आणि आवडत असल्यास चिमूटभर खडीसाखरेची पूड भुरभुरावी. मग फोड चिमट्यात धरून साल खाली आणि कापलेला भाग वर अशी मंद ज्योतीपासून बोटभर उंच धरावी. दोन-तीन मिनिटांत कडेने बारीक बुडबुडे दिसू लागतात, मीठ-साखर विरघळून वर चकाकी येते आणि सालीचा वास बदलून गोडसर होतो. हीच खूण. याहून पुढे गेल्यास साल करपून रस कडू होतो.

फोड ताटलीत ठेवून कोमट होऊ द्यावी. घाई करून चोखल्यास जीभ भाजते आणि मग दोन दिवस दुसरेच दुखणे निस्तरावे लागते. कोमट झाल्यावर फोड हलकेच दाबत थेंब-थेंब चोखावी, प्रत्येक घोट जिभेच्या मुळाशी क्षणभर थांबवून मगच गिळावा. अर्धे लिंबू संपायला निदान पाच मिनिटे लागली पाहिजेत. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे पाणी पिऊ नये. दिवसातून दोन वेळा, म्हणजे दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी साधारण तासभर, एवढे प्रौढ माणसाला पुरते. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ नावापुरतेच घालावे.

चिमट्याने धरणे जमत नसेल तर लोखंडी तव्यावर साल खाली ठेवून भाजता येते. रस मात्र तव्यावर सांडू देऊ नये, कारण आंबट रस लोखंडाला लागला की काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. याच कारणाने लिंबाचे काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. स्टील, काच किंवा चिनी माती वापरावी.

आले, लिंबू आणि मध यांचे चाटण

कोरडी ढास लागली असता, विशेषतः रात्री, हे चाटण भाजलेल्या लिंबापेक्षा सोयीचे पडते, कारण ते आधी करून उशाशी ठेवता येते. बोटभर आले धुऊन, साल खरवडून किसावे आणि मलमलच्या फडक्यात घालून पिळावे. निघालेला रस लगेच वापरू नये. छोट्या वाटीत दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावा. तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्यातला पिठूळ भाग असतो आणि त्याने चाटण खरखरीत लागते, म्हणून वरचा नितळ पिवळा रस तेवढा अलगद ओतून घ्यावा. एक चमचा आल्याचा रस, अर्धा चमचा लिंबाचा गाळलेला रस आणि दोन चमचे मध एकत्र करून ढवळावे. मध गरम करू नये, असे आयुर्वेद सांगतो. मध घातल्यावर मिश्रण पुन्हा आचेवर ठेवण्याची तशीही गरज नसते. थंडीत मध घट्ट झाला असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी ठेवावी.

पाव चमचा चाटण जिभेवर घेऊन विरघळू द्यावे. दिवसातून तीन-चार वेळा आणि रात्री उबळ आल्यास एकदा एवढे पुरे. रोज ताजे करावे, दुसऱ्या दिवशी त्याचा झणका उतरतो. या चाटणातला सर्वांत भरवशाचा घटक लिंबू नसून मध आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांतही 2019 पासून साध्या, अल्पकाळच्या खोकल्यावर आधी मध घेऊन पाहण्याचा सल्ला आहे. लिंबाने मधाचा अतिगोडपणा कापला जातो आणि तोंडाला पाणी सुटते, म्हणून ही जोडी जमते.

मधुमेह असणाऱ्यांनी मध साखरेसारखाच धरावा आणि चाटणाऐवजी साखर न घातलेले भाजलेले लिंबू घ्यावे.

काढा, आणि लिंबू पिळण्याची वेळ

काढ्याची प्रत्येक घराची आपली रीत असते, त्यामुळे प्रमाणाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. दोन कप पाण्यात गवती चहाची चार पाती, ठेचलेले इंचभर आले, पाच-सहा तुळशीची पाने, दोन मिरे आणि एक लवंग घालून दीड कप होईपर्यंत उकळावे, एवढा साधा काढा पुष्कळ झाला. ज्येष्ठमधाची कांडी घातल्यास घसा छान मऊ होतो, परंतु ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळावे.

चूक होते ती लिंबाच्या बाबतीत. बरेच लोक लिंबाची फोड सालीसकट उकळत्या काढ्यात टाकतात. त्याने साल आणि बिया कडवटपणा सोडतात, रसाचा ताजा वास उडून जातो आणि क जीवनसत्त्वही काही प्रमाणात नष्ट होते. काढा गाळून घ्यावा, पेला हातात धरवेल इतका निवू द्यावा आणि मग अर्धा चमचा रस पिळून, मध ढवळून, फुंकर घालत घोट-घोट प्यावा. पेल्यातून वर येणारी वाफ नाकाने घेत प्यायल्यास चोंदलेले नाकही मोकळे वाटते. या काढ्यात दूध घालू नये, ते नासते.

पाचक आणि लोणचे

आल्याचे पाचक घरात करून ठेवलेले असेल तर खोकल्याच्या दिवसांत निम्मे काम झाले. कोवळ्या आल्याचे कागदासारखे पातळ काप करून काचेच्या बरणीत भरावेत, ते बुडतील इतका लिंबाचा रस ओतावा आणि चवीला शेंदेलोण घालून फ्रिजमध्ये ठेवावे. आले खरोखर कोवळे असेल तर एक-दोन दिवसांत काप फिकट गुलाबी होतात. तो रंग आल्यातल्याच रंगद्रव्याला आंबट लागल्याने येतो, काही बिघडलेले नसते. एक काप बाहेर काढून, त्याचा गारवा गेल्यावर, दाढेखाली धरून चघळावा. कफ चिकटून बसला असता आणि सारखे खाकरावे लागत असता हा प्रकार मला चाटणापेक्षा बरा वाटतो.

जुने, मुरून काळे झालेले लिंबाचे लोणचे मात्र खोकल्याचे औषध नव्हे. तापाने तोंडाची चव गेली असताना मऊ भाताबरोबर बोटभर चाटायला ते देतात आणि त्याने चार घास पोटात जातात, हा त्याचा खरा उपयोग. तिखटाचे लोणचे घशाला लागते, म्हणून त्यासाठी उपासाचे, बिनतिखटाचे लोणचे हवे.

संत्री, मोसंबी आणि पपनस

नागपूरच्या संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारे पीक, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजारात येतो, म्हणजे हवा पालटून घराघरांत खोकला सुरू होतो नेमका त्याच वेळी. त्यामुळे संत्र्याने खोकला होतो हा समज घट्ट बसला आहे. दोष बहुधा फळाच्या गारव्याचा आणि वेळेचा असतो. खोकला असताना संत्रे किंवा मोसंबे दुपारी खावे, आणि खाण्यापूर्वी सालीसकट दहा मिनिटे सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावे. फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि बिया काढून फक्त गर खाल्ल्यास घशाला टोचत नाही. चीनमध्ये तर संत्र्याचा वरचा भाग टोपीसारखा कापून, आत चिमूटभर मीठ घालून, ते वाफवून खोकल्यावर देण्याची घरगुती रीत आहे. आपल्या भाजलेल्या लिंबाचीच ती दूरची बहीण म्हणावी. तिथे मँडरिन संत्र्याची साल वर्षानुवर्षे वाळवून औषधात वापरतात, पण ते पाहून बाजारातल्या संत्र्याची साल उकळून पिऊ नये. विक्रीच्या फळांवर फवारणीचे अंश आणि कधी मेणाचा लेपही असतो. घरच्या झाडाचे, न फवारलेले फळ असेल तरच सालीचा विचार करावा.

पपनसाविषयी एक इशारा आवश्यक आहे. ग्रेपफ्रूट या फळाने कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने वाढते, आणि ग्रेपफ्रूट हा पपनस व गोड संत्रे यांचाच संकर आहे. अशी औषधे नियमित चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पपनस खाऊ नये.

कोणाला देऊ नये

एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, चाटवूही नये. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असतात आणि बाळाच्या कोवळ्या आतड्यांत ते वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. जिभेला मध लावण्याची प्रथा कितीही प्रेमाची असली तरी ती इथे सोडलीच पाहिजे. एवढ्या लहान बाळाला लिंबूही नको. आईचे दूध थोडे-थोडे पण वारंवार पाजणे हाच त्याचा उपाय. वर्षावरील मुलांना चाटण द्यायचे तर आल्याचे दोन थेंब आणि लिंबाचे दोन थेंब अर्धा चमचा मधात मिसळून द्यावे. मुलांच्या खोकल्यावर परस्पर दुकानातून सिरप आणण्याची सवयही याच ओघात मोडावी. दूषित सिरपमुळे मुलांचे मृत्यू झाल्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत असे स्पष्ट कळवले आहे.

ज्यांचा खोकला आडवे झाल्यावर वाढतो, ज्यांना आंबट ढेकर येतात आणि छातीत जळजळते, त्यांच्या खोकल्याचे कारण पित्त वर येणे हे असू शकते, आणि त्यांना लिंबू म्हणजे आगीत तेल. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही काहींना सतत कोरडा खोकला येतो. तिथे लिंबू चोखत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी, मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये. तोंड आलेले असताना लिंबू झोंबते, तेव्हा नुसता मध पुरे.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला घरगुती उपायांच्या हाती ठेवू नये. सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. लहान मूल खोकत असताना ते शांत असेल तेव्हा पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत: दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे वयात 40 किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणे म्हणतात, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा.

रात्रीची तयारी

खोकल्याचा खरा त्रास रात्री असतो, म्हणून झोपण्यापूर्वी उशाशी तीन वस्तू ठेवाव्यात: झाकण असलेल्या वाटीत थोडे चाटण, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि एक रिकामा पेला. उबळ आली की उठून बसावे, दोन घोट कोमट पाणी घेऊन घसा ओला करावा आणि मग चाटण जिभेवर ठेवावे. कोरड्या घशावर आंबट थेट लागले तर पहिल्या क्षणी ठसका उलट वाढतो. लिंबाची फोड गालात धरून झोपण्याची काहींना सवय असते, ती वाईट. लिंबाचा रस इतका आम्लधर्मी असतो की रात्रभरात तो दातांवरचे कवच झिजवतो, आणि झोपेत फोड घशात जाण्याचीही भीती असते. चाटण विरघळून घसा शांत झाला की उरलेल्या कोमट पाण्याने चूळ भरावी. दात लगेच घासू नयेत, कारण आंबटाने मऊ झालेले कवच ब्रशने खरवडले जाते. निदान अर्धा तास जाऊ द्यावा. उशीखाली आणखी एक उशी घेऊन, डोके थोडे उंच ठेवून, कुशीवर झोपावे.